२३० घरात, १२ अंगणात



आजचा विषय तळहाताएवढा आहे. संगणकाच्या डब्यात एक छोटा चौकोनी पंखा असतो. जुना संगणक भंगारात निघाला की तो सुटून येतो. नवा घ्यायचा तर जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा धुळ्याच्या बाजारात सहज मिळतो. आपल्या गटाच्या वाळवणपेटीला हा पंखा फार कामाचा आहे. पण त्याला वीज कुठून आणि कशी द्यायची हे नीट कळलं तरच. म्हणून आज तेवढंच बोलू या.

आधी पंखा कशाला, ते बघू. वैशाखात आपल्या खान्देशात पारा ४५ च्या आसपास जातो. पापड, कुरडया, बिबडे गच्चीवर टाकले की बघता बघता कडक होतात. तिथे पंख्याची गरज नाही. पण विकायचा माल उघड्यावर टाकला की धूळ बसते, माश्या बसतात, चिमण्या चोच मारतात. म्हणून आपण काच लावलेली पेटी करतो. बंद पेटीत ऊन कोंडतं, तशी वाफही कोंडते. काचेला आतून घाम सुटतो, केळीच्या चकत्या चिकट राहतात, मेथी काळी पडते, दोन दिवसांनी बुरशी दिसते. पंखा काही ऊब देत नाही. तो कोरडी हवा आत घेतो आणि ओली हवा वरच्या भोकातून बाहेर ढकलतो. वाळवण म्हणजे अर्धं ऊन आणि अर्धा वारा.

आणि हे काही फावल्या वेळेतलं काम नाही. आपल्याच महाराष्ट्रात महिला शेतकऱ्यांना घेऊन सौर वाळवणीचं काम करणाऱ्या एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीला २०२३ चा अर्थशॉट हा जागतिक पुरस्कार मिळाला. वाळवणाला मोल आहे, ते असं.

पण वायरीचं काम निघालं की बैठकीत एक वाक्य ठरलेलं असतं, “आमले काय समजस त्यामा?” मग कुणीतरी येतो, घाईत दोन वायरी जोडतो आणि निघून जातो. मैत्रिणींनो, पेटी आपली, माल आपला, कर्जाचा हप्ता आपला, आणि त्या वायरीजवळ खेळणारी लेकरंही आपलीच. मग वायरीत काय चाललंय हे आपल्याला कळायलाच हवं. आणि ते कळण्यासारखं आहे.

पंख्याच्या मधोमध गोल कागद चिकटवलेला असतो. त्यावर बहुतेक वेळा १२ व्ही लिहिलेलं असतं, म्हणजे १२ व्होल्ट. पुढे ०.१५ ए, ०.२० ए असा आकडा असतो, तो अँपिअरचा. आपल्या घराच्या बोर्डात येते ती वीज २३० व्होल्टची. म्हणून पहिली गोष्ट: हा पंखा थेट बोर्डात कधीच लावायचा नाही. वायर सोलून, काडीपेटीच्या काड्या खोचून बोर्डात बसवायची सवय अजून काही घरांत आहे. या पंख्याला तसं केलं तर पंखा क्षणात जळेल, आणि हात लागला तर जिवावर बेतेल. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर मध्ये लावूनही चालत नाही. तो २३० चे १२ करत नाही.

२३० चे १२ करतो तो अडॅप्टर. वायफायच्या डब्याला किंवा सीसीटीव्ही कॅमेऱ्याला असतो तसा. त्याच्यावर दोन ओळी असतात. इनपुटच्या ओळीत १०० ते २४० लिहिलेलं असतं, ते बोर्डाकडचं. आपण आउटपुटची ओळ बघायची. तिथे १२ व्ही हवं, आणि त्याच्याजवळ एक सरळ रेघ, खाली तीन तुटक रेघा अशी खूण हवी. ती डीसी विजेची खूण. नागमोडी रेघ असेल तर तो अडॅप्टर या पंख्याचा नाही.

व्होल्ट बरोबर जुळले पाहिजेत. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १९ व्होल्टचा असतो, तो नको. साध्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट असतात, त्यावर १२ चा पंखा रडतखडत फिरेल किंवा फिरणारच नाही. अँपिअरचं मात्र वेगळं आहे. पंख्याला ०.१५ लागतात आणि अडॅप्टर १ अँपिअरचा आहे, तर घाबरायचं कारण नाही. रांजण कितीही भरलेला असो, आपण तांब्याने लागेल तेवढंच पाणी घेतो. पंखाही तसाच लागेल तेवढीच वीज घेतो. अडॅप्टरचा आकडा पंख्यापेक्षा मोठा असावा, लहान नसावा. दोन पंखे लावायचे तर लाल वायरीला लाल, काळीला काळी जोडायची आणि दोन्ही पंख्यांचे अँपिअर मिळवून बघायचे.

अडॅप्टर विकत घेताना बीआयएसची खूण आणि तिच्यासोबत इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. फुटलेला, चिकटपट्टी गुंडाळलेला अडॅप्टर फुकट मिळाला तरी महागच पडतो.

आता आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पेटी असते अंगणात किंवा गच्चीवर. तिथे पाणी सांडतं, अवकाळी पाऊस येतो, ओल्या हाताने आपण ताटं आत-बाहेर करतो. म्हणून बोर्डाची एक्स्टेन्शन वायर अंगणात न्यायची नाही. अडॅप्टर घरातच, कोरड्या आणि सावलीच्या जागी, मुलांच्या हाताला येणार नाही असा बोर्डात लावायचा. तिथून पुढे १२ व्होल्टची वायर लांब करून पेटीपर्यंत न्यायची. ही वायर चुकून ओली झाली, सोलली गेली, तरी २३० चा झटका तिच्यात नाही. लक्षात ठेवायला सोपं आहे: २३० घरात, १२ अंगणात.

जोडणी अशी. कॅमेरेवाल्यांकडे स्क्रूची डीसी पिन मिळते. तिच्यात वायर स्क्रूने आवळता येते, म्हणून अडॅप्टरची वायर कापावी लागत नाही. पिनवर अधिक आणि उणे अशा खुणा असतात. पंख्याची लाल वायर अधिकला, काळी उणेला. तिसरी पिवळी किंवा चौथी निळी वायर असेल तर ती मोकळी ठेवून टोकाला टेप लावायची. उलटं जोडलं तर पंखा फिरणार नाही. हे सगळं करताना अडॅप्टर बोर्डातून काढलेला हवा.

पंखा बसवायचा तो खाली, हवा आत येते त्या भोकाशी. वरच्या बाजूला गरम आणि ओली हवा असते, तिथे तो लवकर खराब होतो. हवा बहुधा कागद चिकटवलेल्या बाजूने बाहेर पडते, म्हणून ती बाजू पेटीच्या आत करायची. बाहेरून बारीक जाळी हवीच. लेकराचं बोट जायला नको, आणि मिरचीचं देठ अडकून पंखा थांबायलाही नको. थांबलेला पंखा गरम होतो. दर आठवड्याला अडॅप्टर काढून धूळ पुसा.

ज्यांच्याकडे छोटं सोलर पॅनल आहे त्यांच्यासाठी एक सूचना. १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनल भर उन्हात २० च्या वर व्होल्ट देऊ शकतं. पंखा थेट जोडू नका. मध्ये बक कन्व्हर्टर नावाची छोटी पट्टी लागते, ती १२ वर स्थिर ठेवते. दुकानदाराकडूनच मीटर लावून १२ वर बसवून घ्या.

बॅटरीवर चालवायचा तर लाल वायरीत, बॅटरीच्या अगदी जवळ, १ अँपिअरचा फ्यूज टाका. १२ व्होल्टची बॅटरी झटका देत नाही, पण तिच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर वायर लाल होऊन पेट घेऊ शकते. आणि फवारणी पंपाची बॅटरी या कामाला नको. तिला कीटकनाशक लागलेलं असतं, आणि पेटीत खाण्याचा माल आहे.

आता खर्च. १२ गुणिले ०.१५ म्हणजे १.८ वॅट. रोज ८ तास, ३० दिवस चालवला तर पंख्याला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. अडॅप्टर स्वतः थोडी खातो, ती धरूनही फार तर एखादा युनिट.

पुढच्या बैठकीला एक करू या. घरात पडलेले सगळे जुने अडॅप्टर घेऊन या. आउटपुटची ओळ वाचून ढीग करू: ५ चा, १२ चा, १९ चा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना आकडा येतो, बाजारात पैसे मोजतोच की आपण. जो वाचता येत नाही किंवा ज्यावरचा कागद पुसला गेलाय, तो बाजूला ठेवू. आणि घरातल्या बोर्डाचंच काम निघालं तर ते परवानाधारक वायरमनकडून करून घेऊ, पण समोर उभं राहून, विचारून घेऊ.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. राम राम!