विसरणारे उंदीर

आमच्या गटातल्या एकीनं सासूबाईंसाठी बाजारातून स्मरणशक्तीच्या औषधाची बाटली आणली. विकणारा म्हणाला, ‘उंदरांवर सिद्ध झालंय.’ विसरण्याची परीक्षा उंदरांवर घेतात तरी कशी, म्हणून आम्ही माहिती काढली.

जपानात क्योटो विद्यापीठात तोशिओ ताकेदा यांनी लवकर म्हातारे होणारे उंदीर निवडून वाढवले. साधा उंदीर दोनेक वर्षं जगतो, त्यांतली एक जात साधारण वर्षभर. आणि ती ऐन तरुणपणीच विसरू लागते. उंदराला उजेडात सोडायचं. तो अंधाऱ्या खणात पळतो, तिथं पायाला विजेचा हलका झटका बसतो. दुसऱ्या दिवशी साधा उंदीर दाराशीच थबकतो. हा बिचारा बऱ्याचदा पुन्हा आत! त्याला कोणी हट्टी म्हणत नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा चहा मागितला, की आपण काय म्हणतो?

उंदरांना लागू पडलेली कितीतरी औषधं माणसांत फसली आहेत. बाटली आम्ही परत केली, सासूबाईंना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. थायरॉईड बिघडलं, बी-बारा कमी पडलं तरी विसरायला होतं. ते रक्त तपासून कळतं. अहवाल सोमवारी मिळणार आहे.