पहिल्या निकालाआधी दुसरा अर्ज



माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. तिचा पती अमेरिकेचा नागरिक. तिची विधवा आई येथे बडोद्यास एकटीच राहते. गेल्या दिवाळीत मुलीने मला विचारले, “बाई, माझ्या पहिल्याच अर्जाचा निकाल लागलेला नाही, मग नागरिकत्वाचा अर्ज कोणत्या तोंडाने करू?” हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून आज तो आपणांपुढे मांडीत आहे.

केवळ कागदोपत्री होणाऱ्या विवाहांना आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९८६ साली एक कायदा झाला. विवाहाच्या आधारे कायम वास्तव्याचा हक्क मिळतो, त्या दिवशी विवाहास २ वर्षे पुरी झालेली नसतील, तर तो हक्क सशर्त आणि २ वर्षांच्या मुदतीचा असतो. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत उभयतांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करावयाचा. त्यास आय-७५१ म्हणतात. निकाल पुष्कळदा लांबतो, म्हणून पोचपावतीनेच कार्डाची मुदत वाढते. जानेवारी २०२३ मध्ये ही वाढ ४८ महिन्यांची करण्यात आली.

परंतु सशर्त वास्तव्याचा काळ वाया जात नाही. तोही हिशेबात धरला जातो. एरवी नागरिकत्वासाठी ५ वर्षांचे वास्तव्य लागते. नागरिक पतीबरोबर अगर पत्नीबरोबर संसार करणाऱ्यास ३ वर्षे पुरतात. म्हणून पहिला अर्ज पडून असतानाही एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आम्हां शिक्षकांच्या भाषेत बोलावयाचे, तर मागच्या वर्गाचा निकाल राखून ठेवलेला असला, तरी पुढच्या परीक्षेस बसता येते. मात्र मागचा निकाल लागल्यावाचून पुढचे प्रमाणपत्र हाती पडत नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. वास्तव्याची ३ वर्षे पुरी होण्यापूर्वी ९० दिवस अर्ज करण्याची सवलत आहे. पण एकत्र संसाराची ३ वर्षे मात्र अर्जाच्या दिवशी पुरी झालेली हवीत. दुसरे असे की, दोन्ही प्रकरणे एकाच मुलाखतीत तपासली जाऊ शकतात. त्यासाठी घरभाड्याचा करार, बँकेचे संयुक्त खाते, करपत्रके ही जपून ठेवावीत आणि जोडीदारासही बरोबर न्यावे. दुर्दैवाने मधेच घटस्फोट झाला, तर ३ वर्षांची सवलत जाते. मग आय-७५१ साठी एकट्याने सूट मागावी लागते आणि नागरिकत्वासाठी ५ वर्षे थांबावे लागते. ही गोष्ट लपविणे सर्वांत घातक.

त्या मुलीची घाई आईसाठी होती. कायम रहिवाशास आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. २१ वर्षांवरील नागरिकास येतो. पण त्याची किंमतही आहे. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. प्रवासी भारतीय नागरिक म्हणून नोंद करून येणेजाणे मोकळे राहते, परंतु मतदानाचा हक्क राहत नाही.

मी तिला लिहिले, “मुली, अर्ज खुशाल कर, पण आधी आईला विचार. तिला तिकडे यावयाचे आहे ना?” तिचे उत्तर आले, “बाई, ते विचारावयाचे राहूनच गेले होते.”