लेथला संगणक जोडताना

लेथ म्हणजे काय, असे कोणी विचारले की मी कुंभाराच्या चाकाचे उदाहरण देतो. चाक फिरते, त्यावर हात टेकतो आणि मातीला गोलाई येते. लेथवर मातीऐवजी पोलादाचा गज असतो आणि हाताऐवजी कार्बाइडचे टूल. खोपोलीत, म्हणजे आमच्या खालापूर तालुक्यात, मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने जी छोटी वर्कशॉप्स उभी राहिली, त्यांतले एक माझे.

सीएनसी लेथ घेतला तेव्हा प्रोग्रॅम मी वहीत लिहीत असे. जी ०१ म्हणजे सरळ काप, जी ०२ आणि जी ०३ म्हणजे वळणे. साधा दांडा असेल तर हे ठीक. पण उतार आणि गोलाई आली की कॅल्क्युलेटर घेऊन रात्र जाई, आणि तरी जॉब परत येई.

कारण गमतीचे आहे. टूलचे टोक अणकुचीदार नसते, बोथट शिसपेन्सिलीसारखे गोल असते. आपण हिशेब करतो तो मात्र अणकुचीदार टोक धरून. सरळ भागावर माप बरोबर येते, त्यामुळे व्हर्नियर लावला की समाधान वाटते. टोकाची त्रिज्या ०.८ मिलिमीटर असेल, तर ४५ अंशांच्या उतारावर सुमारे ०.३३ मिलिमीटर धातू तसाच राहतो. ही भरपाई करायला मशीनमध्ये जी ४१ आणि जी ४२ असतात. पण टोकाची दिशा चुकीची भरली, तर भरपाईच चुकते.

म्हणून मी कॅमचे सॉफ्टवेअर घेतले. पडद्यावर चित्र काढायचे, गजाचे माप आणि टूल सांगायचे. टूलचा मार्ग ते स्वतः आखते. टूल चकवर आपटणार असेल तर ते आधी पडद्यावर आपटते. नुसते हवेत फिरणे कमी होते, वेळ वाचतो. शेवटी पोस्ट-प्रोसेसर नावाचा एक दुभाष्या तो मार्ग आपल्या मशीनच्या बोलीत उतरवतो. गोम आहे ती या दुभाष्यात.

आमच्याकडे एक जुने टर्नर होते. त्यांना सगळे काका म्हणत. संगणक आला त्या दिवशी ते म्हणाले, "आता आमचं काय काम रे?" मी हसण्यावारी नेले. तसे करायला नको होते.

पहिल्याच आठवड्यात ८० मिलिमीटर व्यासाचा जॉब लावला. कापण्याचा वेग मिनिटाला १५० मीटर कायम ठेवायचा होता. त्यासाठी कडेला सुमारे ६०० फेरे पुरतात. पण तोंड कापत टूल मध्याकडे सरकले की २० मिलिमीटरवर तेच २,४०० होतात, आणि पुढे वाढतच जातात. म्हणून कमाल फेऱ्यांची मर्यादा घालणारी एक ओळ आधी लागते. मी वापरलेला दुभाष्या दुसऱ्या मशीनसाठी केलेला होता. ती ओळ त्याने दिलीच नाही आणि मी पाहिले नाही. वेगाबरोबर चकच्या जबड्यांची पकड सैल होत जाते, हे पडद्याला ठाऊक नसते. तिथे जॉब कधीच सुटत नाही.

आमचा सुटला. दाराची काच तडकली. काका दारासमोरच उभे होते. त्यांना काही झाले नाही, पण माझे पाय बराच वेळ थरथरत होते. काका काही बोलले नाहीत. हात धुतले, डबा खाल्ला आणि कर्जतची गाडी पकडून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मला वाटले होते, येणार नाहीत. ते आले, खुर्ची ओढून संगणकाजवळ बसले आणि म्हणाले, "ती मर्यादा कुठे लिहितात, दाखव."

मग खरे काम सुरू झाले. गुळगुळीतपणाचे सूत्र मी त्यांना सांगितले : फेऱ्यामागे ०.२ मिलिमीटर फीड असेल, तर त्याच ०.८च्या टोकाने खाचांची उंची साधारण सव्वासहा मायक्रॉन येते; फीड निम्मा केला की दीड. काका म्हणाले, हिशेबाने बरोबर, पण इतक्या कमी फीडवर चिप तुटत नाही, दोऱ्यासारखी जॉबला गुंडाळते. तेव्हा फीड ते ठरवू लागले आणि मार्ग सॉफ्टवेअर.

काका २०१९ साली निवृत्त झाले. प्रोग्रॅमचा कागद आजही आधी छापून काढतो. फेऱ्यांच्या मर्यादेखाली पेन्सिलची रेघ नसेल, तर तो मशीनवर चढत नाही. ती रेघ आता काकांच्या हाताखाली शिकलेला मुलगा मारतो. तोही कर्जतहूनच येतो.