नऊ महिने नऊ दिवस : दुसऱ्या सीझरची तारीख

'नऊ महिने नऊ दिवस पोटात वाढवलं' असं आपल्याकडे घरोघरी म्हटलं जातं. आजच्या विषयाला हात घालण्याआधी या बोलण्यातला हिशोब मांडून पाहू. महिने भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरचे धरले तर नऊ महिने नऊ दिवस म्हणजे 282 ते 285 दिवस. पंचांगातले चांद्र महिने धरले, म्हणजे महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, तर होतात 275 दिवस. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवून तारीख काढतात. ते होतात साधारण 280 दिवस, म्हणजे 40 आठवडे. आता 275 दिवसांचे आठवडे करा: 39 आठवडे आणि 2 दिवस. आजीचा हिशोब कोणत्याही महिन्याने केला, तरी तो 39 आठवड्यांच्या अलीकडे येत नाही. हा काही वैद्यकीय पुरावा नव्हे. पण ज्या घरात हे बोल रोज ऐकू येतात, त्याच घरात सीझरची तारीख ठरवायला बसलं की 37 किंवा 38 आठवडे 'भरपूर झाले' असं वाटू लागतं. माझं म्हणणं त्या क्षणाबद्दल आहे. पहिलं बाळंतपण सीझरने झालं आहे, दुसऱ्या वेळीही सीझरच करायचं ठरलं आहे, आई आणि बाळ दोघंही ठणठणीत आहेत. अशा वेळी 39 आठवडे पूर्ण होण्याआधीची तारीख जो मागेल, त्याने कारण द्यावं. ते कारण आईच्या किंवा बाळाच्या प्रकृतीतलं असावं आणि ते कागदावर लिहिलं जावं. 39 पूर्ण होईपर्यंत थांबतो म्हणणाऱ्याकडे कारण मागू नये.

हा प्रश्न आता मोजक्या घरांचा राहिलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 21.5 टक्के प्रसूती सीझरने झाल्याची नोंद आहे, महाराष्ट्रात 25.4 टक्के, गोव्यात 39.5 टक्के, आणि देशभरच्या खाजगी रुग्णालयांत 47.4 टक्के. त्याआधीच्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा 20.1 होता. आज ज्या मुलीचं पहिलं सीझर होतं, ती दोन-चार वर्षांनी पुन्हा दिवस राहून तपासणीला येते. पुन्हा सीझरच करायला हवं का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. गर्भपिशवीवर आडवा छेद असलेल्या आणि नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या 72 ते 75 जणींना त्यात यश येतं, आणि प्रयत्नात जुना व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एक इतका असतो, असं ब्रिटनच्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका सांगते. तो पर्याय प्रत्येकीला समजावून सांगायलाच हवा. मी आज बोलते आहे ते सगळं ऐकून, समजून सीझर निवडलेल्या स्त्रीबद्दल.

नेमक्या याच स्त्रीवर झालेला एक मोठा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या 19 केंद्रांतल्या 1999 ते 2002 या काळातल्या नोंदी तपासून ॲलन टीटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. कळा सुरू झालेल्या नाहीत, वैद्यकीय घाईचं कारण नाही, अशी ठरवून केलेली 13,258 पुन्हा-सीझर त्यांनी पाहिली. त्यांतली 35.8 टक्के 39 आठवडे पूर्ण होण्याआधीच झाली होती. मृत्यू, श्वासाचा त्रास, रक्तातली साखर उतरणं, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागात भरती, यांपैकी काही ना काही घडलेली बाळं 37 आठवडे पूर्ण झाल्यावरच्या सीझरमध्ये शेकडा 15.3 होती, 38 पूर्ण झाल्यावर 11.0 आणि 39 पूर्ण झाल्यावर 8.0. पुढे 40 पूर्ण झाल्यावर प्रमाण 7.3 होतं आणि 41 पूर्ण झाल्यावर पुन्हा 11.3 वर चढलं. म्हणजे उशीर जितका जास्त तितकं बरं, असंही हे आकडे म्हणत नाहीत. डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या 2008 च्या अभ्यासात, ठरवून केलेल्या सीझरच्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचं प्रमाण 37 आठवड्यांना 10 टक्के, 38 ला 5.1 आणि 39 ला 2.1 होतं. दर आठवड्याला प्रमाण जवळपास निम्मं किंवा त्याहून कमी होत गेलं.

एका आठवड्याने एवढा फरक का पडावा? पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं, आणि ते पाणी फुप्फुसंच तयार करतात. दिवस भरत येतात तसं ते कमी होऊ लागतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात ॲड्रिनलिन वाढतं, फुप्फुसांच्या पेशींमधल्या सोडियमच्या वाटा उघडतात, मीठ आत ओढलं जातं आणि त्याच्या मागोमाग पाणी. कळा न येता झालेल्या सीझरमध्ये बाळाला ही तयारी पुरती मिळत नाही. 39 आठवड्यांच्या बाळाचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं. 37 च्या बाळाचं नसतं. मग जन्मल्यावर थोड्या वेळात ते धापा टाकू लागतं. मिनिटाला साठाच्या वर श्वास, फुललेल्या नाकपुड्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली पडणारा खड्डा, आणि बारीक कण्हणं. बाहेर नातेवाइकांना निरोप येतो, 'बाळाला काचेत ठेवलंय.' बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत सावरतात, हे खरं. पण ते दोन-तीन दिवस आई टाक्यांसह एका मजल्यावर आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर असतं. अंगावर पाजायची सुरुवात होण्याऐवजी दूध वाटीत पिळून पाठवावं लागतं, आणि बाहेर बिल वाढत असतं. 'तात्पुरता त्रास' या दोन शब्दांत हे सगळं मावत नाही.

यावर घरातून आणि कधी कधी दवाखान्यातूनही उत्तर येतं की सोनोग्राफीत वजन तीन किलो दिसतंय, आता थांबायचं कशाला? वजन भरणं म्हणजे फुप्फुसं तयार होणं नव्हे. याचा सर्वांत स्पष्ट दाखला मधुमेही आईच्या बाळाचा. ते बाळ अंगाने भरलेलं असतं आणि त्याच्याच फुप्फुसांची परिपक्वता मागे रेंगाळू शकते. दुसरं उत्तर येतं इंजेक्शनचं. स्टिरॉइड देऊन फुप्फुसं तयार करता येतात, मग तारीख अलीकडे घेतली तर काय बिघडलं? ब्रिटनमध्ये 998 स्त्रियांवर झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, श्वासाच्या त्रासामुळे विशेष कक्षात भरती होणाऱ्या बाळांचं प्रमाण या इंजेक्शनने 5.1 वरून 2.4 टक्क्यांवर आलं होतं. पण पुढे हीच मुलं शाळेत गेल्यावर शिक्षकांकडून माहिती घेतली, तेव्हा वर्गाच्या तळच्या चौथाईत गणली जाणारी मुलं इंजेक्शनच्या गटात 17.7 टक्के आणि दुसऱ्या गटात 8.5 टक्के निघाली. एवढ्यावरून इंजेक्शनला दोषी ठरवता येत नाही. अकाली प्रसूतीत त्याने असंख्य बाळं वाचतात. पण जे काम एक आठवडा थांबून होतं, त्याच्यासाठी औषध टोचण्याची घाई करायला हा आधार पुरेसा नाही.

आता मुहूर्त. याची टिंगल करून काही साधत नाही. घरात येणाऱ्या जिवासाठी चांगला दिवस पाहावा असं वाटणं यात वाईट काहीच नाही. प्रश्न दिवसाचा नाही, मोजणीचा आहे. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता. एका गरोदर बाईची शेवटची पाळी 1 जानेवारीला आली असं धरू, दुसरीची 15 जानेवारीला. दसऱ्याला पहिलीचे 39 आठवडे 1 दिवस झालेले आहेत. तिने दसरा मागितला तर खुशाल द्यावा. त्याच दिवशी दुसरीचे झालेत 37 आठवडे 1 दिवस. साडेतीन मुहूर्तांपैकी एक दोघींच्याही दारात एकाच सकाळी आला. दुसरीच्या बाळाला मात्र तो तेरा दिवस लवकर आला. तिचे 39 आठवडे पूर्ण होतात 15 ऑक्टोबरला, आणि तिथून 21 तारखेपर्यंत सात दिवस मिळतात. त्या वर्षी लक्ष्मीपूजनही 21 लाच होतं. भटजींना पंचांग उघडायला सांगताना 'या सात दिवसांतला चांगला दिवस काढा' असं सांगितलं, तर श्रद्धाही राहते आणि बाळाचे दिवसही. मूळ नक्षत्र टाळायचं, अमावास्या टाळायची, तर तेही याच सात दिवसांत. डॉक्टरांची सुट्टी, भूलतज्ज्ञांची वेळ, नवऱ्याची रजा यांनाही मी हाच नियम लावते.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो प्रामाणिकपणे तोलायला हवा. 39 आठवड्यांपर्यंत थांबताना एखादं बाळ पोटातच गेलं तर? टीटांच्या आकड्यांत अशी बाळं येतच नाहीत. तिथे मोजली गेली ती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचलेली. स्कॉटलंडमधल्या 1,20,633 दुसऱ्या प्रसूतींचा अभ्यास 2003 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात 39 आठवड्यांना किंवा त्यानंतर कारण न कळता बाळ पोटात दगावण्याचा धोका, आधी सीझर झालेल्यांत हजारी 1.1 आणि न झालेल्यांत हजारी 0.5 दिसला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा फरक आढळला नाही, तरी तो बाजूला सारण्याजोगा नाही. पण तो नेमकं काय सांगतो? हा धोका मुख्यतः 39 च्या पुढे थांबण्याचा आहे. म्हणून 39 पूर्ण होताच, त्याच आठवड्यात सीझर करावं आणि 40, 41 ची वाट पाहू नये, हा त्याचा अर्थ. दुसरा आक्षेप डेन्मार्कमधल्या एका चाचणीचा. 2013 मध्ये तिथे 1,274 स्त्रियांमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून, 38 आठवडे 3 दिवस आणि 39 आठवडे 3 दिवस अशी तुलना केली. अतिदक्षता विभागात गेलेली बाळं 13.9 आणि 11.9 टक्के निघाली. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मी हे असं वाचते की 38 आठवड्यांच्या उत्तरार्धात सीझर करावं लागलं तर कुणी घाबरून जाऊ नये. पण अलीकडे येण्यात बाळाचा फायदा आहे, असं या चाचणीतूनही कुठे निघालं नाही. कारण देण्याची जबाबदारी होती तिथेच राहते.

खरी कारणं असतात, आणि ती असली तर तारीख बेलाशक अलीकडे घ्यावी. गर्भपिशवीच्या वरच्या भागावर उभा छेद झाला असेल तर 36 ते 37 आठवडे. वार पिशवीच्या तोंडावर असेल तर 36 पासून 38 पूर्ण होण्याच्या आत. वार जुन्या व्रणात रुतलेली असेल तर 34 ते 36. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर 37 च्या पलीकडे थांबायचं नाही. यांतलं वारेचं प्रकरण सर्वांत जपण्यासारखं आहे, कारण ते प्रत्येक सीझरबरोबर वाढत जातं. वार तोंडावर आलेल्या स्त्रियांमध्ये ती रुतलेली असण्याचं प्रमाण पहिल्या सीझरच्या वेळी 3 टक्के, दुसऱ्याच्या वेळी 11 आणि तिसऱ्याच्या वेळी 40 टक्के आढळलं आहे. म्हणून वार कुठे आहे हे तारीख ठरवण्याच्या कितीतरी आधी, शेवटच्या तिमाहीच्या सोनोग्राफीत पाहून घ्यायचं असतं. आणि छेद उभा होता की आडवा, हे पोटावरच्या टाक्यांकडे पाहून कळत नाही. कातडीवरचा व्रण आडवा असला तरी आतला उभा असू शकतो. ते पहिल्या सीझरच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं, ते कार्डही बरेचदा माहेरच्या कपाटात राहिलेलं असतं. ते मागवून घ्यावं.

दुसरा कागद पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा. तेव्हाच्या मोजमापात चूक झाली तर आठवड्याच्या आतबाहेरची. शेवटच्या तिमाहीत तीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल, तर सगळी भिस्त त्या पहिल्या कागदावर. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत आलेली नवी तारीख धरून आधीची खोडायची नसते. शिवाय बोलण्यातला एक घोटाळा आहे. '39 वा चालू आहे' म्हणजे 38 पूर्ण झालेत, 39 नव्हे. तपासणीच्या खोलीत 'पूर्ण किती झाले?' असं विचारावं. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. हे दोन्ही कागद घेऊन तिथेही हा प्रश्न विचारता येतो.

राहिली भीती टाके उसवण्याची, आणि ही भीती तालुक्याच्या गावात खोटी नाही. तिथे भूलतज्ज्ञ फोनवर बोलावले जातात आणि रक्ताची पिशवी दुसऱ्या गावाहून येते. 39 आठवड्यांची तारीख दिलेल्या दहा जणींपैकी साधारण एकीला त्याआधीच कळा सुरू होतात. त्या एकीसाठी उरलेल्या नऊ बाळांचे दिवस कापायचे का? माझं उत्तर आहे, नाही. त्या एकीची सोय आधी करायची. 37 आठवडे झाले की ज्या गावात रात्री-अपरात्री सीझर होऊ शकतं, तिथे तिने राहायला जावं. पहिलं माहेरी, दुसरं सासरी हा रिवाज इथे बाजूला ठेवावा आणि रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह जिथे जवळ, ते घर निवडावं, मग ते नणंदेचं असो की मावशीचं. पोट राहून राहून दगडासारखं घट्ट होऊ लागलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, किंवा जुन्या व्रणाच्या जागी सतत दुखू लागलं, तर ठरलेली तारीख त्या क्षणी रद्द झाली असं समजावं. 108 ला फोन करावा, रुग्णालयाला 'पहिलं सीझर आहे, कळा सुरू झाल्यात' एवढं आधी कळवावं, दोन्ही कागदांची फाइल सोबत घ्यावी. आणि निघताना 'उपाशीपोटी कशी जाईल' म्हणून तिला चहा-बिस्किटं देऊ नयेत; पोचल्यावर लगेच भूल द्यावी लागेल.