तबकडी जाईल, प्रतिमा राहील

मी पानिपतहून बोलतोय. हो, तेच! आपल्याकडे कुणाचा धुव्वा उडाला की 'पानिपत झालं' म्हणतात. इथे राहायला आल्यापासून मी ते जरा जपूनच म्हणतो.

इथले रोड मराठा स्वतःला १७६१च्या लढाईतल्या सैनिकांचे वंशज मानतात. १४ जानेवारीला काला आंबला मेळावा भरतो. त्याची जुनी चित्रीकरणं, घरातली लग्नं, गेलेल्या माणसांचे आवाज, सगळं सीडीवर आहे. सीडी खराब होतात आणि नव्या लॅपटॉपला सीडीची सोयच नसते. तेव्हा लोक मला विचारतात, ''भाईसाहब, अब क्या करें?''

उत्तर आहे डिस्क इमेज, म्हणजे अख्ख्या तबकडीची एका फाइलमध्ये उतरवलेली प्रतिमा. सर्वांत प्रचलित प्रकार आयएसओ. हे नाव आयएसओ ९६६० या १९८८च्या मानकावरून आलं.

आधी ती उघडायची कशी ते बघू. विंडोज ८ पासून पुढे फाइलवर डबल क्लिक करा, नवा ड्राइव्ह दिसेल. काम झालं की राइट क्लिक करून 'इजेक्ट' म्हणा. विंडोज ७ मध्ये ही सोय नाही, वेगळा प्रोग्राम लागतो. मॅकवरही डबल क्लिक पुरतं. उबुंटूसारख्या लिनक्सवर राइट क्लिक करून 'डिस्क इमेज माउंटर' निवडा. मात्र मॅकची डीएमजी फाइल विंडोज स्वतःहून उघडत नाही. म्हणून नातेवाइकांना पाठवायची प्रत आयएसओच ठेवा.

आता ती बनवायची कशी? बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. विंडोजवर 'इमगबर्न', लिनक्सवर 'डिस्क्स', मॅकवर 'डिस्क युटिलिटी' वापरा. मॅकमध्ये 'डीव्हीडी/सीडी मास्टर' निवडलं की सीडीआर फाइल मिळते. साध्या डेटा डिस्कची असेल, तर तिचं शेपूट बदलून आयएसओ केलं की चालतं.

इथे एक मेख आहे. आपल्या लग्नांच्या तबकड्या बऱ्याचदा व्हीसीडी असतात. व्हीसीडी आणि गाण्यांची ऑडिओ सीडी आयएसओत नीट मावत नाही, कारण त्यांची नोंदणी वेगळ्या पद्धतीची असते. त्यांच्यासाठी बिन आणि क्यू अशा दोन फाइली बनतात. त्या दोन्ही एकत्रच ठेवा. नुसतं चित्रीकरण हवं असेल, तर विंडोजवर 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करा, ती व्हीएलसीत चालते. डीव्हीडीची आयएसओ तर व्हीएलसी थेट चालवतं.

पेनड्राइव्हवर डीव्हीडीची फाइल जात नाही, अशी तक्रार हमखास येते. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मात्र त्यानं आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी ते दुसरीकडे काढून घ्या.

शेवटी, प्रती दोन ठेवा, आणि त्या दोन वेगळ्या घरांत. फाइलच्या नावात गाव, वर्ष आणि प्रसंग लिहा. प्रत बरोबर उतरली की नाही, हे मधून आणि शेवटून चालवून बघा. मगच मूळ तबकडी आत ठेवा, फेकू मात्र नका.

अडीचशे वर्षांहून जुन्या लढाईची आठवण इथल्या लोकांनी तोंडातोंडी टिकवली. आपल्याला तर एक फाइल टिकवायची आहे. या रविवारी कपाटातली एक सीडी काढा. सुरुवात तिच्यापासून करू.