विश्वासाने दिलेली नावे

(शहापूर येथे स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणातून)



मी पत्रकार, शिक्षण कला शाखेचे. संगणकाशी माझा संबंध बातमी लिहिण्यापुरता. तरीही गेली काही वर्षे डोळखांबपासून टोकावड्यापर्यंतच्या लहान संस्थांमध्ये जाऊन माहिती कशी सांभाळावी हे मी शिकवतो. या वाटेला का लागलो, ते आधी सांगतो.

दिवाळी उलटली की शहापूर-मुरबाडची अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. पण भट्टीमालकाकडून घेतलेली उचल कित्येकांची आजही फिटत नाही. येथील एका संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रात्र रात्र पाड्यांवर बसून अशा कुटुंबांची यादी केली होती. नाव, मालक, उचलीची रक्कम आणि तक्रार करण्याची तयारी, हे सारे त्यात होते. बातमीसाठी मी ती तातडीने मागितली. कार्यकर्त्याने तिचे छायाचित्र संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. त्या गटात वर्षापूर्वी संस्था सोडलेला एक जण अजून होता, आणि तो आता एका भट्टीवर मुकादम होता. आठ दिवसांत यादीतली माणसे म्हणू लागली, "दादा, आम्ही काही सांगितलंच नव्हतं."

कोणी संगणक फोडला नव्हता. घाई माझी होती, आणि बातमी तर छापलीच गेली नाही.

"आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" असा प्रश्न प्रत्येक संस्थेत विचारला जातो. आपल्या कपाटात आणि मोबाईलमध्ये शेकडो कुटुंबांच्या आधार कार्डांच्या प्रती असतात, वसतिगृहातील मुलींची छायाचित्रे असतात. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण कायद्याआधीही त्या मातेने अंगठा उठवला होता तो आपल्यावर विसंबून, सरकारवर नव्हे.

परवलीचा शब्द भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेली कार्यालये मी पाहिली आहेत. (हसू नका, दोन आपल्यापैकीच आहेत.) आधारची प्रत हवीच असेल, तर पहिले आठ अंक झाकलेली घ्या. पैसे गेले तर लाजेने गप्प न बसता त्याच क्षणी १९३० वर दूरध्वनी करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

यापुढे मी व्याख्यान देणार नाही. आपापले मोबाईल बाहेर काढा, संस्थेचा गट उघडा आणि सदस्यांची नावे एकेक करून वाचा. जो आज आपल्यात नाही, त्याचे नाव माझ्यासमोर काढायचे आहे. चहा त्यानंतर.