केडगावचा विसावा



पिंपरी-चिंचवड भागातल्या महाविद्यालयात जो सकाळचा पहिला तास घेतो, त्याला शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारी दोन-चार मुले रोज दिसतात. नव्याने आलेला प्राध्यापक रागावतो. जुना रागावत नाही, कारण त्याला ठाऊक असते की ही मुले चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून, तोंडावर पाणी मारून, थेट वर्गात आलेली आहेत. त्यांतलाच एक विद्यार्थी बीडकडचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे. हा इकडे कंत्राटी कामावर, एका खोलीत सहाजण राहणारा.

त्या दिवशी मी पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगत होतो. तास संपल्यावर तो माझ्यामागून आला आणि म्हणाला, "सर, एवढं सगळं झाल्यावर बाईंना विसावा कधी मिळाला?"

मी म्हणालो, "अरे, उद्या सांगतो." खरे सांगायचे तर उत्तर मला तेव्हा सोपे वाटले होते. बाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या, तेव्हा त्यांना शांती मिळाली. आपण सारे असेच समजतो. घरी जाऊन पुन्हा वाचायला बसलो, तेव्हा माझेच उत्तर चुकल्याचे ध्यानात आले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत हिंडू लागले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, गाठीचे सारे संपले. पुराणिकाच्या घरात अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागायची लाज. रानात पाला आणि पाणी यांवर दिवस काढले. वडिलांनी तर जलसमाधीचा निश्चय केला होता. भाऊ श्रीनिवास पुढे झाला, मी मजुरी करतो म्हणाला, आणि तो प्रसंग टळला. पण वडील लवकरच गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईचे प्रेत उचलायला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. रमा उंचीने लहान, तिचा खांदा पोचेना. तिने तिरडी डोक्यावर घेतली.

श्रोतेहो, ज्यांच्या घरी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आहेत, त्यांना यातले काही समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जाईल असे झाले, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन रात्री काढल्या. १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. सुख आले म्हणावे तो १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातिभेद बाजूला ठेवून, लग्न केले. मुलगी झाली मनोरमा. आणि दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला. वय अवघे तेवीस.

१८८३ साली त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यक राहिले. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहात. या भगिनी लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. रमाबाईंनी तो पाहिला. ज्या बाईला कोणी दारात उभे करीत नाही, तिला इथे माया मिळते, हे त्यांच्या मनाला फार लागले. त्यांनी विचारले, हे तुम्ही का करता? तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना दाखविण्यात आली. विहिरीवर आलेल्या त्या बदनाम स्त्रीपाशी ख्रिस्ताने स्वतः पाणी मागितले, ही ती कथा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

हा झाला माझा सोपा विसावा. पण १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात बाई वेगळेच सांगतात. आपल्याला ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांचे म्हणणे. मधली आठ वर्षे त्या अस्वस्थच होत्या. मठातल्या भगिनींशी पत्रांतून वाद घालीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे विचारीत. मन वळले, पण टेकले नव्हते. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ इतरांना उपदेश करीत असता, आपल्यापाशीच ती वस्तू नाही हे त्याला कळून चुकले होते. (आम्हा शिक्षकांना हा अनुभव नवा नाही, आपल्याला न उमगलेले आपण पुष्कळदा फळ्यावर लिहितो.) बाईंना त्यात स्वतःची स्थिती दिसली. तपे, व्रते, यात्रा, विद्या, सगळे करून पाहिले. आता आपण मिळवायचे काही उरले नाही, जो बोलावतो आहे त्याच्यावर भार टाकायचा, एवढेच. कष्टलेल्यांना आणि ओझ्याखाली वाकलेल्यांना 'माझ्याकडे या' म्हणणारे ख्रिस्ताचे आमंत्रण आपल्यालाच आहे असे त्यांना वाटले, आणि मनावरचा दगड उतरला. हा आनंद त्यांनी अगदी साध्या शब्दांत सांगितला आहे.

मग आता तरी बाई निवांत झाल्या असतील? मला वाटले तसे. पण पुढची वर्षे बघा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले 'शारदा सदन' पुढल्या वर्षी पुण्याला आणले होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९३ साली, सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते असे माझे मत आहे; पालकांची भीती खोटी नव्हती, आणि बाईंनी आपली श्रद्धा दार लावून पाळावी ही अपेक्षाही रास्त नव्हती. असो.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या भुकेल्या मुलींत त्यांना तिरडी डोक्यावर घेणारी रमा दिसली असली पाहिजे. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, सरकार मुलींना शहरात राहू देईना. मग केडगावच्या माळावर, आधी घेऊन ठेवलेल्या शेतात, तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच 'मुक्ति सदन'. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथे सुमारे दीड हजार माणसे होती. विहिरी, गुरे, माग, तेलघाणा, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवायचे ते या मुलींनीच. आंधळ्या मुलींसाठी 'बार्तीमी सदन', तिथे ब्रेल शिकवीत. टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन'. फुलहॅमला पाहिलेले ते असे दौंडच्या वाटेवर उभे राहिले.

१९०५ साली आश्रमात भक्तीला भरते आले. मुली रडत, गात, मोठ्याने प्रार्थना करीत. रात्र रात्र ते चाले. काही साहेब मिशनऱ्यांना हा आरडाओरडा वाटला. ज्याने दिंडीतला गजर ऐकला आहे त्याला नवल वाटू नये. उपाशी मरता मरता वाचलेल्या पोरी आनंदाने ओरडल्या, त्यात वावगे काय?

शेवटची वर्षे बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल उतरविण्यात घालवली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, जिच्या हाती सारे सोपवायचे होते ती. बाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल १९२४ साली पूर्ण छापून निघाले.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काम काही कमी नाही झालं त्यांचं."

"नाही रे. वाढलंच."

"मग सर, विसावा कसला?"

मी वारकरी घरातला. मला आपल्याकडचीच खूण सुचली. म्हटले, "तुकोबांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीवरून जाते. वाटेत विसाव्याची ठिकाणं असतात ना? तिथं पालखी टेकते. वारी तिथं संपते का?"

तो हसला. पालखीला तो दरवर्षी पाणी वाटायला उभा असतो म्हणे. "ती पुढे यवत, वरवंडलाही जाते," तो म्हणाला. मी म्हटले, "आणि केडगाव तिथून जवळच."

पुढच्या रविवारी त्याला सुट्टी होती. चिंचवडहून लोकलने पुण्याला आलो आणि दौंडकडे जाणारी गाडी धरली. 'मुक्ति'चे काम आजही चालू आहे, ते त्याला पाहायचे होते. हडपसर सुटेपर्यंत तो बोलत होता. लोणी आले तेव्हा खिडकीला डोके टेकून झोपी गेला. उरुळी गेले, यवत गेले. खुटबाव आल्यावर, पुढचे स्टेशन आपले म्हणून, मी त्याला हलवून जागे केले.